मुन्शी घाटाचा दगड आणि चंद्रप्रभेचे रान

वाराणसीत दशाश्वमेध घाटावरून गंगेच्या काठाने दक्षिणेकडे चालू लागले की आधी शीतला घाट लागतो, मग अहल्याबाई घाट आणि त्याला खेटून मुन्शी घाट. चार पावलांचे अंतर. नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर मुन्शी यांनी १८१२ साली हा घाट आणि त्यावरचा किल्ल्यासारखा उंच वाडा बांधला. नागपूरच्या गादीवर तेव्हा दुसरे रघूजी भोसले होते. इंदूरच्या होळकरांचा घाट आणि नागपूरच्या दरबारी मंत्र्याचा घाट इथे भिंतीला भिंत लावून उभे आहेत. दोन्हींना मिर्झापुराकडच्या चुनारच्या खाणीतला पिवळसर, मातकट झाक असलेला वालुकाश्म लागला. या दगडाचे नाव ध्यानात ठेवायला हवे, कारण पुढची सगळी वाट त्याच्यावरूनच जाते.

श्रीधर मुन्शींचा वाडा १९१५ साली दरभंग्याचे महाराज रामेश्वर सिंह यांनी विकत घेतला. घाटाच्या दक्षिण भागाला दरभंगा घाट म्हणू लागले आणि मुन्शींचे नाव उत्तरेकडच्या तुकड्याला राहिले. बांधणारा नागपूरचा, राहणारा मिथिलेचा, दगड मिर्झापुराकडचा आणि पाणी गंगेचे. काशीतल्या कित्येक इमारतींची कुळकथा अशीच आहे.

आज या वाड्यात ‘ब्रिजरामा पॅलेस’ नावाचे हॉटेल आहे. बरीच वर्षे चाललेल्या जीर्णोद्धारानंतर गेल्या दशकात ते पाहुण्यांसाठी उघडले. खोल्या तिसाच्या आसपास. पाहुण्यांचे सामान आणि पाहुणे, दोन्ही होडीतून येतात, कारण घाटामागच्या गल्ल्यांत मोटार शिरत नाही. महाराजांच्या काळात, १९१८ साली बसवलेली लिफ्ट हॉटेलवाले अभिमानाने दाखवतात. राजघराण्यातल्या स्त्रियांना स्नानासाठी खाली घाटापर्यंत उतरता यावे म्हणून ती बसवली, असे सांगतात. जेवण शाकाहारी आणि मद्य नाही. चैनीच्या हॉटेलाने स्वतःहून घातलेली ही मर्यादा जागेचा मान राखणारी आहे, आणि मराठी पाहुण्यांना तर ती मनापासून पटते.

कारण इथे येणाऱ्यांत मराठी जोडपी बरीच असतात. कुणी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला येते, कुणी निवृत्तीनंतर, कुणी लग्नानंतर सहा महिन्यांनी, बालीला जायचे की काशीला यावर घरात चर्चा झाल्यावर. मुंबईहून महानगरी किंवा कामायनीने, पुण्याहून ज्ञानगंगेने यायचे किंवा विमानाने बाबतपूरला उतरायचे, संध्याकाळी आरती, पहाटे होडी, दुपारी गादीवर लोळणे आणि खिडकीतून गंगा. दोघांनी मिळून घेतलेली ही विश्रांती आहे. तिच्यात हलके असे काहीच नाही.

मात्र दोघांनी मिळून काशीला जाणे ही मराठी घरात नवी गोष्ट नाही. ती फार जुनी आहे आणि एके काळी ती सुट्टीच्या पार उलट टोकाला होती. प्रयाग, काशी आणि गया ही त्रिस्थळी यात्रा सपत्नीक करावी असा संकेत होता. या यात्रेचे विधी सांगणारा ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ सोळाव्या शतकात काशीतच नारायणभट्टांनी रचला. त्यांचे घराणे मूळचे पैठणचे. याच भट्ट घराण्यातले गागाभट्ट १६७४ साली शिवराज्याभिषेकासाठी रायगडावर आले. प्रयागच्या संगमावर वेणीदान करतात. नवरा बायकोची वेणी घालतो आणि तिचे टोक कापून त्रिवेणीत सोडतो. एरवी चारचौघांत बायकोशी दोन शब्द बोलायलाही संकोचणाऱ्या त्या काळातल्या नवऱ्याने भर संगमावर तिचे केस विंचरायचे! यात्रेच्या त्या खडतर चाकोरीत जोडप्यासाठी राखलेली ही जागा विलक्षण आहे.

वाट मात्र भयंकर होती. १७६० साली उत्तरेत निघालेल्या मोठ्या मोहिमेबरोबर तरुण नाना फडणीस आई आणि पत्नीला घेऊन निघाले. हेतू तीर्थयात्रेचा. वाट पानिपतावर संपली. १४ जानेवारी १७६१ च्या पळापळीत आई दुरावली ती कायमची. पत्नी जिवंत परत भेटली. हे सारे नानांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. त्या मोहिमेत काशी घडली नाही. पुढे शंभर वर्षांनीही फार फरक पडला नव्हता. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली पैसा मिळवायला उत्तरेत गेले, बंडाच्या धामधुमीत सापडले, आणि शेवटी आईवडिलांना स्नान घालायला गंगेची कावड खांद्यावर घेऊन चालत घरी आले. ‘माझा प्रवास’ हे त्यांचे पुस्तक चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापले.

मग रेल्वे आली. १८७० च्या मार्चमध्ये जबलपूरमार्गे मुंबई आणि कलकत्ता जोडले गेले आणि महिन्यांची वाट दिवसांवर आली. १८८७ साली राजघाटाजवळचा पूल झाला, तेव्हा गाडी गंगा ओलांडून थेट काशीत शिरू लागली. परत येऊ की नाही या शंकेने घरादाराचा निरोप घेऊन निघणारी जोडपी आता परतीचे तिकीट काढून निघू लागली. आजच्या सुट्टीचे बीज तिथे पडले. दोनशे वर्षांपूर्वी काशीला पोहोचणे हेच साहस होते. आता पोहोचणे सोपे झाले आणि साहस वेगळे शोधावे लागते.

काशीत आलेल्या पाहुण्याला आरामाची कमी नाही. १३ जानेवारी २०२३ रोजी इथून ‘गंगा विलास’ नावाचे नदीजहाज दिब्रुगडकडे निघाले. ५१ दिवस आणि ३,२०० किलोमीटरचा तो प्रवास. त्याच सुमारास पलीकडच्या तीरावरच्या वाळूत चैनीच्या तंबूंचे शहर उभे राहिले. ती वाळू मोकळी वाटली तरी रिकामी नव्हती. रामनगर किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा सात किलोमीटरचा पट्टा १९८९ पासून कासव अभयारण्य होता, आणि २०२० साली त्याचा दर्जा काढून घेतला गेला. प्रेतांचे अर्धवट जळलेले अवशेष खाऊन नदी स्वच्छ ठेवणारी कासवे इथे सोडली जात. तंबूंचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले आणि ते जाणे आवश्यकच होते. नदीकाठी राहण्याचे भाडे मोजणाऱ्याने नदीच्या रहिवाशांची चौकशी करणे, हा सौजन्याचा भाग आहे. गंगेतला डॉल्फिन हा आपला राष्ट्रीय जलचर. तो अजून वाराणसीच्या खाली कैथीजवळ, गोमतीच्या संगमाच्या आसपास दिसतो. मुन्शी घाटावरून अर्धा दिवस काढून तिकडे जाणारे पाहुणे थोडेच. खरे तर आरती चुकली तरी चालेल, पण हे चुकवू नये.

जोडप्याला रान हवे असेल तर वाट दक्षिणेला आहे. वाराणसीपासून ६५-७० किलोमीटरवर, चंदौली जिल्ह्यातल्या चकिया आणि नौगडच्या बाजूला चंद्रप्रभा अभयारण्य आहे. क्षेत्र ७८ चौरस किलोमीटर. त्यात राजदरी आणि देवदरी हे दोन धबधबे. रामनगर ओलांडले की गंगेचे सपाट खोरे संपत जाते, भाताची शेते मागे पडतात आणि समोर विंध्याची कैमूर रांग उभी राहते. ज्या माणसाला चार दिवस डोळ्यांपुढे फक्त नदी आणि पायऱ्या होत्या त्याला ही भिंत अचानक भेटते.

हे पर्जन्यवन नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वाराणसीच्या परिसरात एक हजाराच्या आगेमागे. आंबोलीच्या झाडांवर शेवाळ आणि ऑर्किड लटकतात, इथे मोह, तेंदू, खैर आणि पळस उभे असतात आणि उन्हाळ्यात ते उघडेबोडके होतात. सदाहरित दाट अंधार ज्याला हवा त्याने सह्याद्रीतच जावे. चंद्रप्रभेचे वैभव कोरड्या रानाचे आहे. पावसाळ्यानंतर ते आठ-दहा आठवडे असे हिरवे होते की सह्याद्रीच्या माणसालाही क्षणभर चकवते. चितळ, सांबर, नीलगाय, चिंकारा यांचे हे घर. फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा पाणी आटलेले असते, पण डोंगर पेटलेला दिसतो.

धबधब्यापाशी उभे राहून दगडाकडे पाहावे. हा कैमूरचा वालुकाश्म. चुनारची खाण याच रांगेतली. म्हणजे ज्या दगडाच्या भिंतीआड रात्री झोपलो, तोच इथे उघडा पडला आहे आणि पाणी त्याच्यावरून कोसळते आहे. हा दगड शंभर कोटी वर्षांहून जुना आहे. त्या काळी इथे उथळ समुद्र होता. पृथ्वीवर ना झाड होते ना मासा. किनाऱ्यावरच्या वाळूचे थर एकावर एक साचले, दबले आणि दगड झाले. म्हणून या थरांच्या पृष्ठभागावर आजही लाटांच्या वळ्या उमटलेल्या सापडतात. ओहोटीनंतर गुहागरच्या किनाऱ्यावर दिसतात तशाच. जोडप्यांच्या सुट्टीची कल्पना समुद्रकिनाऱ्याशी जोडलेली आहेच, तर मुन्शी घाटाच्या पायरीवर बसलेले जोडपे एका फार जुन्या किनाऱ्यावरच बसलेले असते. हॉटेलच्या माहितीपत्रकात हे सांगायला हवे होते, इतकी ही मोलाची गोष्ट आहे. शेजारच्या सोनभद्र जिल्ह्यात सलखन येथे त्याहीपेक्षा जुन्या थरांत सूक्ष्म जिवांनी घडवलेल्या गोलाकार आकृत्या दगडात जशाच्या तशा आहेत. ज्यांना आणखी एक दिवस काढता येईल त्यांनी तिकडे जरूर जावे.

चुनारच्या दगडावर काशीच नव्हे, सगळा देश उभा आहे असे म्हटले तरी चालेल. सारनाथचा सिंहस्तंभ याच दगडाचा. फ्रीडरिश ओर्टेल यांच्या उत्खननात १९०४-०५ साली त्याचे शिखर सापडले, आणि त्यावरचे चार सिंह आज राजमुद्रा म्हणून प्रत्येक नाण्यावर आहेत. मुन्शी घाटावरून सारनाथ तासाभरात गाठता येते. पण सिंहांची गोष्ट तिथे संपत नाही. खरा सिंह या परिसरात, याच दगडावर एकदा परत आणला गेला होता.

१९५७ साली चंद्रप्रभा अभयारण्य झाले आणि त्याच वर्षी गीरमधून एक नर आणि दोन माद्या आणून इथे सोडल्या. गीर तेव्हा मुंबई राज्यात होते, कारण नोव्हेंबर १९५६ मध्ये सौराष्ट्र मुंबई राज्यात विलीन झाले होते. एका अर्थाने मराठी मुलखाच्या राज्याने उत्तर प्रदेशाला दिलेली ही भेट. आशियाई सिंह फक्त गीरमध्ये उरला होता. एखादी साथ आली तर सगळा वंश संपेल, म्हणून दुसरे घर हवे हा विचार योग्यच होता, आणि सुरुवात उत्तम झाली. पिल्ले झाली. १९६५ पर्यंत संख्या अकरावर गेली.

त्यानंतर सिंह नाहीसे झाले.

कसे, ते कुणी नीट नोंदवलेच नाही, आणि याहून वेदनेची गोष्ट नाही. विष घातले, गोळ्या घातल्या, बाहेर भटकून मेले, असे तर्क होत राहिले. इतक्या लहान अभयारण्यातून सिंह गावांकडे जाणारच होते. गुरे मारली गेली तर भरपाई, माग काढणारी माणसे, वर्षानुवर्षांची देखरेख, यांपैकी काहीच उभे राहिले नव्हते. गीरमध्ये गावकरी सिंहाबरोबर राहायला पिढ्यान्‌पिढ्या शिकलेले. इथल्या गावकऱ्याला तो परका. सिंह आणणे हा एका दिवसाचा सोहळा असतो, सिंह राखणे हे शंभर वर्षांचे काम. पुढे सिंहांच्या दुसऱ्या घरासाठी मध्य प्रदेशातले कुनो निवडले गेले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये गीरचे सिंह तिथे हलवण्याचा आदेश दिला. सिंह आले नाहीत. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाचे चित्ते आले. अशा प्रत्येक प्रयोगाआधी चंद्रप्रभेचा इतिहास वाचला जायला हवा. राजदरीला सहलीला आलेल्या जोडप्यालाही तो ठाऊक असावा, म्हणजे समोरच्या शांत झुडपांत काय हरवले ते कळेल.

वेळ कोणती निवडावी, हा व्यवहाराचा प्रश्न कमी महत्त्वाचा नाही. धबधबे जुलै-ऑगस्टमध्ये भरात असतात, पण तेव्हा मुन्शी घाट पाण्याखाली असतो. गंगेची धोक्याची पातळी वाराणसीत ७१.२६ मीटर, १९७८ च्या सप्टेंबरमध्ये पाणी ७३.९० मीटरवर गेले होते. पुरात होड्या बंद होतात आणि आरती वर, छतांवर सरकते. पूर ओसरला की पायऱ्यांवर माणसाच्या उंचीएवढा गाळ राहतो आणि पंपाने पाण्याचा मारा करून तो धुतात. ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि कार्तिक हा सुवर्णमध्य: घाट मोकळे झालेले, धबधब्यांत अजून पाणी, उन्हाचा तडाखा गेलेला. कार्तिकात पंचगंगा घाटावर बांबूंच्या टोकांवर टोपल्यांतून आकाशदिवे चढतात, पौर्णिमेला देवदिवाळी असते आणि तिथला दगडी दीपस्तंभ अहल्याबाईंचा असे सांगतात. महाराष्ट्रातली दिवाळी घरी करून आठ-दहा दिवसांनी निघणाऱ्याला ही दुसरी दिवाळी मिळते. मात्र पौर्णिमेच्या रात्री खोल्या मिळणे अवघड आणि भाडी चढलेली. शांतता हवी असेल त्याने पौर्णिमा टळल्यावर जावे. अभयारण्याच्या सहलीसाठी गाडी आदल्या दिवशी ठरवावी, पहाटे निघावे, जेवण बरोबर न्यावे, आणि राजदरीच्या निसरड्या खडकांवर पाऊल जपून टाकावे. छायाचित्रासाठी कडेला जाणाऱ्यांचे अपघात अशा ठिकाणी दरवर्षी होतात.

चुनारलाही थांबावे. किल्ल्याखाली गंगा वळण घेते. १७८१ च्या ऑगस्टमध्ये बनारसचा राजा चेतसिंह याच्या उठावाने घाबरलेला वॉरन हेस्टिंग्ज शहर सोडून याच किल्ल्यात पळाला होता. तेव्हा नागपूरकर भोसल्यांचे वकील बेनीराम पंडित आणि त्यांचे बंधू विश्वंभर पंडित त्याच्याबरोबर होते. अडचणीतल्या गव्हर्नर जनरलला त्यांनी एक लाख रुपये देऊ केल्याचे त्याने स्वतः नोंदवले आहे. श्रीधर मुन्शींनी घाट बांधला त्याच्या तीस वर्षे आधीपासून नागपूरचे लोक काशीच्या राजकारणात किती आत होते, ते यावरून दिसते. घाट केवळ पुण्यासाठी बांधले गेले असे समजणे भाबडे ठरेल. पुणे, नागपूर, इंदूर आणि ग्वाल्हेर यांना उत्तरेत आपली पत दाखवण्याची ती जागा होती. पायऱ्यांचा उपयोग मात्र सगळ्यांना झाला, आजही होतो.

आजही चुनार-अहरौऱ्याच्या खाणी चालू आहेत. लखनौची अलीकडची मोठमोठी स्मारके मिर्झापुरी दगडाची आहेत आणि २०२१ साली खुल्या झालेल्या विश्वनाथ धामाच्या परिसरातही चुनारचा दगड लागला. दगड कापणाऱ्याच्या फुप्फुसात सिलिकाची धूळ जाते. मुन्शी घाटाच्या गुळगुळीत भिंतीवर हात फिरवताना दोनशे वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या पाथरवटांचीही आठवण ठेवायला हवी.

चंद्रप्रभा नदीचे पाणी पुढे कर्मनाशा नदीला मिळते. कर्मनाशेच्या पाण्याचा स्पर्श झाला की आयुष्याचे पुण्य जाते, अशी समजूत. त्रिशंकूच्या लाळेतून ही नदी झाली अशी कथा. बिहारच्या बाजूने, गयेहून काशीला येणाऱ्या यात्रेकरूला ती आडवी येई, आणि पैसे देऊन लोकांच्या खांद्यावर बसून ती ओलांडावी लागे. ज्याची यात्रा पानिपतावर मोडली त्या नाना फडणिसांनी म्हातारपणी या नदीवर नौबतपूरजवळ पूल बांधायला घेतला. पाया वाळूत रुतला, काम अर्धे राहिले, १८०० साली नाना वारले. बनारसचे राजा पटनीमल यांनी पैसा पुरवला आणि टांकसाळीतला तरुण अधिकारी जेम्स प्रिन्सेप याने आराखडा दिला, तेव्हा १८३१ मध्ये पूल पुरा झाला. हाच प्रिन्सेप पुढे अशोकाची ब्राह्मी लिपी वाचणारा. राजदरीहून परतताना दिवस हाताशी असेल तर चालकाला चकियावरून सैयदराजाकडे गाडी वळवायला सांगावी. जुन्या ग्रँड ट्रंक रस्त्यावर नौबतपूर लागते, आणि चुनारच्या दगडाचा माग काढत निघालेल्यांना पुण्याच्या कारभाऱ्याने पाया घातलेली ती जागा पाहता येते.